सरावाचं कोर्ट उघडं राहू द्या

माझ्या मामाकडे एक खिशात मावेल एवढी डायरी आहे. नव्या वर्षाला फुकट वाटायचे तसली, लाल रेक्झिनच्या पुठ्ठ्याची, १९७४ सालची. तिच्यात दुधाचा हिशोब आहे, एका मित्राला उसने दिलेल्या बारा रुपयांची नोंद आहे आणि सप्टेंबरच्या एका पानावर निळ्या शाईत एक सही आहे. सहीतलं ‘अमृतराज’ एवढं वाचता येतं. त्याच्या आधीच्या अक्षरावर शाई पसरली आहे. त्यामुळे ती सही टेनिसपटू अमृतराज भावांपैकी विजयची की आनंदची, हा वाद आमच्या घरात पन्नास वर्षं चालू आहे.

त्या महिन्यात पुण्यात डेव्हिस कपची, म्हणजे देशादेशांच्या संघांमधल्या टेनिस स्पर्धेची, उपांत्य लढत झाली होती, भारत विरुद्ध सोव्हिएत युनियन. भारताने ती ३-१ अशी जिंकली. मामा तेव्हा कॉलेजात होता. खेळ संपल्यावर तो सायकल धरून गर्दीच्या कडेला उभा राहिला. पुढे सरकायला जागा नव्हती, म्हणून त्याने डायरी आणि पेन पुढच्या माणसाच्या हातात दिलं, त्याने त्याच्या पुढच्याच्या, आणि थोड्या वेळाने डायरी तशीच हातोहात परत आली. पेन आलं नाही. पण मामाला पेनाचं दुःख कधीच नव्हतं. खांद्यांच्या फटीतून त्याला सही करणारा हात दिसला होता, आणि आजही तो गोष्ट सांगताना स्वतःचं उजवं मनगट डाव्या हाताच्या मुठीत धरून दाखवतो: “एवढं जाड! आपल्याला वाटतं ताकद दंडात असते. तसं नाही रे, मनगटात असते.”

पुढे अंतिम फेरीत भारताची गाठ दक्षिण आफ्रिकेशी पडली. तिथल्या वर्णभेदी राजवटीच्या निषेधार्थ भारताने खेळायला नकार दिला आणि डेव्हिस कप सामना न होताच दक्षिण आफ्रिकेला मिळाला. तत्त्वासाठी कप सोडणाऱ्या संघातल्या माणसाची सही आपल्या डायरीत आहे, हे मामाला नंतर कळलं. सही केली त्या संध्याकाळी ते करणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

टेनिसवेड्या माणसांना मी अनेकदा विचारते, मोठ्या खेळाडूला प्रत्यक्ष पाहिलंत तेव्हाचं काय आठवतं? स्कोअर जवळजवळ कुणीच सांगत नाही. आठवतं ते असं: टीव्हीवर वाटतो त्यापेक्षा कितीतरी उंच होता. बोटांना चिकटपट्ट्या होत्या. केळं खात होता. सर्व्हिस चुकली की स्वतःच्याच भाषेत स्वतःला रागावत होता. चेंडू रॅकेटवर बसला की बंदुकीसारखा आवाज यायचा. टीव्हीचा कॅमेरा कोर्टाच्या मागे उंचावर असतो, त्यामुळे चेंडूची उसळी आणि फिरकी दोन्ही सपाट दिसतात. जाळीला नाक लावून उभं राहिलं की तोच चेंडू खांद्याच्या उंचीपर्यंत उडताना दिसतो आणि तिथून तो कुणीतरी परत मारतोय यावर विश्वास बसत नाही. खेळ कळण्यातला हा फरक आहे. घरी बसून वीस वर्षं पाहिलेलं टेनिस आणि जाळीपाशी वीस मिनिटं पाहिलेलं टेनिस यांत मी दुसरं निवडेन.

म्हणून मला जे म्हणायचं आहे ते सरळ सांगते. मोठा खेळाडू जवळून पाहायला मिळणं ही पैसेवाल्यांची चैन होत चालली आहे, आणि ती तशी होऊ देता कामा नये. सरकारी मैदानावर, सरकारच्या मदतीने जी स्पर्धा होते, तिथलं सरावाचं कोर्ट सामान्य माणसाला आणि विशेषतः मुलांना उघडं असलंच पाहिजे. आयोजकांच्या मर्जीवर न सोडता हे करारात लिहून घ्यायला हवं.

२०१९ च्या जानेवारीत मी माझ्या भाचीला पुण्यात बालेवाडीला टेनिसची स्पर्धा पाहायला घेऊन गेले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. त्या वर्षीचा अंतिम सामना ज्यांनी पाहिला ते तो विसरणार नाहीत: केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच, तिन्ही सेट टायब्रेकवर गेले आणि ७-६, ६-७, ७-६ असा अँडरसन जिंकला. कार्लोविच तेव्हा ३९ वर्षांचा होता. एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या, स्पर्धेत इतक्या वयाचा माणूस अंतिम फेरीत पोचल्याचं त्याआधीचं उदाहरण १९७७ चं, केन रोझवॉलचं. पण भाचीला आज तो सामना अर्धवटच आठवतो. तिला लख्ख आठवतं ते त्याच्या काही दिवस आधीचं बाजूच्या कोर्टावरचं दृश्य.

एक खेळाडू आपल्या कोचबरोबर सराव करत होता. नाव सांगत नाही, कारण तो पहिल्याच फेरीत हरला आणि त्याला आपला तो सराव कुणी लिहून ठेवावा असं वाटेलच असं नाही. अर्धा तास तो एकच फटका मारत होता, बॅकहँड, सरळ रेषेत. दहातले सहा आत, चार बाहेर. बाहेर गेला की मान हलवायची, परत उभं राहायचं. मग टोपली रिकामी झाली तेव्हा तो स्वतःच कोर्टभर फिरून चेंडू गोळा करायला लागला. रॅकेट आणि बुटाच्या कडेत चेंडू पकडून उचलायचा, आपल्या क्लबात मुलं उचलतात अगदी तसाच. भाची माझ्या कानात म्हणाली, “मावशी, याचे चेंडू यालाच गोळा करावे लागतात?” तिच्या क्लासमध्ये चेंडू गोळा करणं ही शिक्षा होती. जाताना त्याने जाळीच्या खालच्या फटीतून एक चेंडू तिच्याकडे सरकवला. लव पार उडालेला, एका बाजूने करडा पडलेला. दुसऱ्या दिवसापासून क्लासमध्ये चेंडू गोळा करताना तिने कधी तोंड वाकडं केलं नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. मी महिनाभर समजावून जे झालं नव्हतं ते त्या अर्ध्या तासात झालं.

तो खेळाडू थोर नव्हता, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण थोर माणसं कपाळावर पाटी लावून येत नाहीत. चेन्नईत १९९७ पासून २०१७ पर्यंत एटीपीची स्पर्धा व्हायची. नुंगमबाक्कमच्या त्या स्टेडियममध्ये २००४ साली टॉमी रोब्रेदोबरोबर दुहेरीचं विजेतेपद घेणारा राफाएल नदाल १७ वर्षांचा होता. त्या आठवड्यात ज्यांनी त्याला वहीवर सही करताना पाहिलं असेल त्यांच्यासाठी तो एक लांब केसांचा स्पॅनिश पोरगा होता. स्टॅन वावरिंकाने तीच स्पर्धा २०१४ च्या जानेवारीत जिंकली आणि त्याच महिन्यात मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून दाखवली. हाच अँडरसन २०१८ मध्ये पुण्यात अंतिम सामना जिल सिमोनकडून हरला, आणि त्याच वर्षी जुलैत विम्बल्डनला फेडररविरुद्ध पहिले दोन सेट गमावून पाचवा १३-११ असा काढून पुढे अंतिम फेरीपर्यंत पोचला. ज्यांनी त्याला जानेवारीत बालेवाडीच्या उन्हात घाम पुसताना पाहिलं होतं, त्यांनी तो सामना किती वेगळ्या नजरेने पाहिला असेल! छोट्या स्पर्धेत भेटलेला माणूस पुढे मोठा होतो तेव्हा त्याच्या मोठेपणात आपलाही एक बारकासा धागा असतो.

आता या भेटीचं काय झालं आहे ते पाहा.

काही वर्षांपूर्वी एका शहरात एक प्रदर्शनीय सामना झाला. शहर, आयोजक आणि खेळाडू कोण हे इथे महत्त्वाचं नाही. तिकिटाबरोबर जादा पैसे भरले तर खेळाडूला भेटता येईल असं जाहीर झालं होतं. मी ते पैसे भरले. एका हॉटेलच्या दालनात आम्हाला रांगेत उभं केलं, हातावर पट्टा बांधला आणि सांगितलं की बोलायचं नाही, सही मागायची नाही, हात पुढे करायचा नाही. माझी पाळी आली. मी खेळाडूच्या शेजारी उभी राहिले, दिवा लखलखला आणि एका मुलीने माझं कोपर धरून मला पुढे सरकवलं. माझ्या पुढे एक आजोबा होते. त्यांनी त्या खेळाडूच्या एका जुन्या सामन्याचं वर्तमानपत्रातलं कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. ते पिशवीतून काढेपर्यंत त्यांची पाळी संपली होती. कात्रण हातातच राहिलं. माझ्याकडे तो फोटो आहे. त्यात मी हसते आहे. पण त्या माणसाबद्दल सांगण्यासारखी एकही गोष्ट माझ्याकडे नाही, कारण त्याला मी पाहिलंच नाही. त्यानेही मला पाहिलं नाही, आणि त्याच्याकडे वेळ होता कुठे, मागे दोनशे माणसं उभी होती.

त्या खेळाडूला मी दोष देत नाही. त्याची ती वेळ आधीच विकली गेली होती. जगभर हेच वाढतंय. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रियाधला सहा खेळाडूंची प्रदर्शनीय स्पर्धा झाली, जिंकणाऱ्या यानिक सिनरला ६० लाख डॉलर मिळाले. दुसरीकडे एटीपीच्या २५० गुणांच्या छोट्या स्पर्धा कमी होत चालल्या आहेत आणि मोठ्या स्पर्धा एका आठवड्याच्या बारा दिवस झाल्या आहेत. म्हणजे जिथे आजोबांना कात्रण दाखवता आलं असतं ती ठिकाणं आटताहेत, आणि जिथे पट्टा बांधून रांगेत उभं राहायचं ती वाढताहेत.

भेटीची जाहिरातही होऊ लागली आहे. २०२० च्या टाळेबंदीत इटलीच्या किनाऱ्यावरच्या फिनाले लिगुरे गावात दोन मुली एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर टेनिस खेळल्या, तो व्हिडिओ जगभर फिरला. त्याच उन्हाळ्यात रॉजर फेडरर त्या गच्चीवर अचानक येऊन उभा राहिला. मुलींचा आनंद शंभर टक्के खरा होता, तो पाहून मीही डोळे पुसले. फेडररही मनापासून खेळला. पण तो तिथे आला एका पास्ता कंपनीच्या व्हिडिओसाठी. २०१७ साली अमेरिकन ओपनच्या पत्रकार परिषदेत एका छोट्या मुलाने त्याला, मी मोठा होऊन तुमच्याशी खेळेपर्यंत थांबाल का, असं विचारलं होतं आणि फेडररने करंगळी पुढे करून वचन दिलं होतं. पाच वर्षांनी झ्युरिकला बोलावून ते वचन पाळलं गेलं, तेही त्याच कंपनीच्या कॅमेऱ्यासमोर. त्या तीन मुलांना जे मिळालं त्याबद्दल मला आनंदच आहे. मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: अशा चार गोष्टी जगाने पाहिल्या की खेळ लोकांच्या किती जवळ आहे असं सगळ्यांना वाटतं, आणि बाकीच्या लाखो मुलांसाठी फाटक बंद झालंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

यावर पहिलं उत्तर नेहमी सुरक्षेचं येतं, आणि ते फेटाळून लावण्यासारखं नाही. ३० एप्रिल १९९३ ला हँबुर्गमध्ये मोनिका सेलेस सामन्याच्या मधल्या विश्रांतीत खुर्चीवर बसली असताना प्रेक्षकांतल्या एका माणसाने तिच्या पाठीत सुरी खुपसली. तो स्टेफी ग्राफचा चाहता होता. १९ वर्षांची, जगात पहिल्या क्रमांकावरची मुलगी त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ खेळली नाही. आज खेळाडूंच्या खुर्चीमागे सुरक्षारक्षक असतात ते तेव्हापासून. २०२५ च्या फेब्रुवारीत दुबईला एमा राडुकानू सामना चालू असताना अंपायरच्या खुर्चीआड जाऊन उभी राहिली, डोळ्यांत पाणी. प्रेक्षकांत तिला तो माणूस दिसला होता ज्याने तिला आधी गाठून चिठ्ठी दिली होती आणि तिचा फोटो काढला होता. ही दोन्ही दृश्यं मी पाहिली आहेत आणि कुठल्याही बाईला ती पाहताना पोटात गोळा येईल. बाईचं सुरक्षित असणं माझ्या भाचीच्या सहीपेक्षा शंभर पटीने मोठं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण या घटनांतून नेमकं काय शिकायचं? सेलेसवर हल्ला झाला तो मुख्य कोर्टावर, तिकीट काढलेल्या प्रेक्षकाकडून. राडुकानूला त्रास देणाऱ्याने तिला गाठलं ते जाळी आणि पहारा नसलेल्या जागी. जिथे मध्ये जाळी आहे, रक्षक उभा आहे, शंभर माणसं एकमेकांना पाहताहेत, असं सरावाचं कोर्ट ही मला सगळ्यांत सुरक्षित जागा वाटते. महागडं तिकीट हा काही चांगल्या वर्तणुकीचा दाखला नव्हे. बायकांच्या मागे लागणारा माणूस पैसे भरूनही आत येऊ शकतो. त्याला रोखायला नोंद ठेवणारी, तक्रार तात्काळ ऐकणारी यंत्रणा लागते, आणि ती गरिबाला बाहेर ठेवून तयार होत नाही.

दुसरं उत्तर असं येतं की लोकच तसे वागतात. हेही खोटं नाही. २०२४ च्या मे महिन्यात रोमला सह्या करणाऱ्या नोव्हाक जोकोविचच्या डोक्यात वरून पाण्याची बाटली पडली. ती एका चाहत्याच्या पिशवीतून निसटली होती, कुणी मुद्दाम टाकली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी जोकोविच सायकलचं हेल्मेट घालून चाहत्यांसमोर आला तेव्हा सगळे हसले. पण २०२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये झालं त्यावर कुणी हसलं नाही. पोलंडचा कामिल मायख्शाक पाच सेटची लढत जिंकून आला, कठड्याशी उभ्या असलेल्या एका मुलाकडे त्याने आपली टोपी पुढे केली, आणि शेजारच्या मोठ्या माणसाने ती मध्येच खेचून घेऊन पिशवीत टाकली. मुलगा ओरडत राहिला. मायख्शाकला हे तेव्हा दिसलंच नव्हतं. व्हिडिओ पाहिल्यावर त्याने त्या मुलाचा शोध घेतला, त्याला भेटला आणि दुसरी टोपी दिली.

तो व्हिडिओ पुन्हा पाहा आणि मुलाच्या आजूबाजूला पाहा. कठड्यावर सगळी मोठी माणसं ओणवी झाली आहेत. मुलं त्यांच्या काखेखालून हात बाहेर काढताहेत. आपल्याकडेही हेच चित्र दिसतं. मोबाइल वर धरलेला काका पुढे आणि वही धरलेली पोर मागे. काही जण तर सह्या विकण्यासाठीच गोळा करतात. याला उपाय आहे आणि त्याला फारसा खर्च नाही: जाळीलगतची पहिली रांग चौदा वर्षांखालच्या मुलांची, बाकीच्यांनी मागे. आपण लग्नाच्या पंगतीत मुलांना आधी बसवतो ना, तसंच.

आणखी एक गोष्ट चाहत्यांनी मान्य केली पाहिजे, मी धरून. सराव हे खेळाडूचं कामाचं ठिकाण आहे. आपल्या ऑफिसात कुणी येऊन खांद्यावर हात टाकून फोटो काढू लागलं तर आपल्याला आवडणार नाही. खेळाडूला पाहण्याचा हक्क मी मागते आहे, पण त्याच्याकडून काही मिळवण्याचा हक्क मला नाही. सही त्याने दिली तर त्याचा मोठेपणा. नाही दिली, मान खाली घालून निघून गेला, तर तो हरला असेल, त्याचा खांदा दुखत असेल, घरी आजारपण असेल. वाट सोडावी. सेल्फीबद्दल मी जरा जास्तच कडक आहे. सहीसाठी माणूस मान खाली घालून लिहितो तेव्हा समोरच्याला त्याचा हात दिसतो, नखं दिसतात, नाव विचारलं जातं. सेल्फीत दोघंही तिसरीकडेच, फोनकडे पाहत असतात. कोर्टालगत फोन खिशात ठेवायचा नियम कुणी केला तर मी त्याचं स्वागत करेन.

जगातल्या सगळ्यांत श्रीमंत स्पर्धांना हे परवडतं, ही गोष्ट आपल्याकडच्या आयोजकांपुढे मांडायला हवी. विम्बल्डनची रांग पाहा. उद्यानात रात्रभर तंबूत झोपायचं, तारीख आणि क्रमांक छापलेलं कार्ड जपायचं, माणशी एकच तिकीट. सेंटर कोर्ट, एक नंबर आणि दोन नंबर कोर्ट यांची जवळपास पाचशे-पाचशे तिकिटं रांगेतल्या लोकांसाठी राखून ठेवतात (सेंटर कोर्टाची शेवटचे चार दिवस सोडून). दुपारनंतर उठून गेलेल्या प्रेक्षकांच्या जागा पुन्हा थोडक्या पैशांत विकतात आणि ते पैसे धर्मादाय कामाला देतात. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभं राहिलेल्या माणसाला ही रांग परकी वाटणार नाही. तिथेही खरा मान रांगेचा, आणि व्हीआयपी दर्शनावरून आपल्याकडे एवढा वाद होतो तो म्हणूनच. न्यू यॉर्कला अमेरिकन ओपनच्या मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात पात्रता फेरीचे सामने आणि सराव पाहायला प्रवेश फुकट असतो. न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण दर वर्षी ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन, डबा बांधून, सात नंबरच्या ट्रेनने फ्लशिंग मेडोजला जाते. ती सांगते, मुख्य स्पर्धेचं तिकीट आम्ही कधी काढलंच नाही, कारण मुलांना जे पाहायचं होतं ते त्या आठवड्यातच पाहून होतं.

आणि चाहत्याला लांब ठेवल्याने खेळाडूचं भलं होतं असंही नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ आणि महिला टेनिस संघटना (डब्ल्यूटीए) यांनी २०२४ सालच्या समाजमाध्यमांवरच्या शिवीगाळीचा अहवाल जाहीर केला. ४५८ खेळाडूंना मिळून सुमारे ८ हजार शिवराळ किंवा धमकीचे संदेश आले होते, आणि त्यातले ४० टक्के पैज हरलेल्या जुगाऱ्यांचे होते. ज्याने त्या खेळाडूला कधी स्वतःचे चेंडू गोळा करताना पाहिलं नाही, त्याच्यासाठी तो पडद्यावरचा एक आकडा असतो. आकड्याला शिवी देणं सोपं असतं. माझ्या भाचीने तो पहिल्या फेरीत हरलेला खेळाडू पुढे कुठल्याशा स्पर्धेत हरल्याची बातमी वाचली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बॅकहँड गेला असेल बाहेर.” आणि गप्प बसली. जाळीपाशी उभं राहिलेली माणसं अशीच हळहळतात.

आता आपल्या घरचं. चेन्नईची स्पर्धा २०१८ मध्ये पुण्यात आली आणि २०२३ पर्यंत, कोविडचं एक वर्ष वगळता, पाच वेळा बालेवाडीत झाली. राज्य सरकार आणि राज्य टेनिस संघटनेने ती इथे आणली यासाठी मी त्यांची मनापासून ऋणी आहे. पुढे ती हाँगकाँगला गेली. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर महिलांची डब्ल्यूटीए १२५ दर्जाची स्पर्धा २०२४ आणि २०२५ मध्ये झाली. २०२५ ला १५ वर्षांची माया राजेश्वरन उपांत्य फेरीत पोचली तेव्हा तिच्या वयाच्या मुलींनी ते डोळ्यांनी पाहायला हवं होतं, शेकड्यांनी. २०२५ च्या एप्रिलमध्ये महिलांच्या सांघिक बिली जीन किंग कपचा आशिया-ओशनिया गट बालेवाडीत खेळला. म्हणजे मोठं टेनिस आपल्याकडे अजून येतं आणि पुन्हाही येईल. श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी लोकांच्या पैशांतून उभं राहिलं. त्याच्या फाटकावर उभा असलेला माणूस पाहुणा नाही, मालकांपैकी एक आहे.

म्हणून पुढच्या वेळी सरकार एखाद्या स्पर्धेला जागा किंवा पैसा देईल तेव्हा बदल्यात काय घ्यायचं हे आधी ठरवावं. मंत्र्यांसाठी पहिल्या रांगेतल्या खुर्च्या आणि फलकावर राज्याचं बोधचिन्ह एवढंच नको. सरावाच्या कोर्टांवर रोज ठरावीक तास प्रवेश फुकट. कोण, कुठल्या कोर्टावर, किती वाजता, हे रोज सकाळी फाटकावर मराठीत लिहिलेलं. पात्रता फेरीचे दिवस जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी राखलेले, आणि त्यांना रिकाम्या खुर्च्या भरायला दुपारच्या उन्हात आणून न बसवता, पाणी, सावली आणि खेळ समजावून सांगणारं कुणीतरी देऊन.

बॉलबॉय आणि बॉलगर्लसुद्धा. सगळ्यांत जवळून पाहणारी हीच मुलं. फेडरर लहानपणी बाझेलच्या स्पर्धेत बॉलबॉय होता, आणि पुढे तीच स्पर्धा दहा वेळा जिंकताना स्पर्धेनंतर बॉलबॉय-बॉलगर्लसोबत बसून पिझ्झा खायचा. आपल्याकडे ही मुलं बहुतेक क्लब आणि अकादम्यांतून येतात, कारण त्यांना खेळाचे नियम आधीच येत असतात. ते ठीक आहे. पण महिनाभराचं प्रशिक्षण दिलं तर बालेवाडीच्या आसपासच्या वस्त्यांतली चपळ पोरं-पोरी हे काम उत्तम करतील. चेंडू लोळवणं, योग्य वेळी उभं राहणं, खेळाडूच्या डोळ्याकडे पाहून किती चेंडू हवेत ते ओळखणं, यातलं काहीही महाग रॅकेटवर अवलंबून नाही. त्यांच्यातली एखादी पुढे खेळेल, एखादी अंपायर होईल, एखादी रॅकेटचं गटिंग करायचं दुकान टाकेल. ऋतुजा भोसलेने हांगचौच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं तेव्हा पुण्यातल्या टेनिसच्या मुलींनी ते पदक आपल्याच घरात आल्यासारखं साजरं केलं, कारण ऋतुजाला त्यांनी शेजारच्या कोर्टावर घाम गाळताना पाहिलं होतं.

गेल्या दिवाळीत मामाकडे गेलो तेव्हा भाचीने, आता ती दहावीच्या पुढे गेली आहे, तो करडा चेंडू बरोबर नेला होता. मामाने डायरी काढली. तिने सहीचं पान खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, “विजय.” मामा म्हणाला, “तुला कसं कळलं?” ती म्हणाली, “कळलं नाही. पण मला विजय हवाय.” मग मामाने चेंडू हातात घेतला, अंगठ्याने लव कुठे उडाली आहे ते चाचपून पाहिलं आणि तिला विचारलं, “हा ज्याने दिला तो कसा होता गं?” आणि ती सांगायला लागली. बॅकहँड, सरळ रेषेत, दहातले सहा.